चुंबक दाराबाहेर

१

"हा दगड आता आमच्या उपयोगाचा राहिला नाही," संशोधिकाबाई म्हणाल्या. एवढं बोलूनही त्यांनी खोका तिच्याकडे सरकवला नाही. आत कुणी आजारी माणूस निजलं असावं तसे दोन्ही तळवे झाकणावर ठेवून त्या बसून राहिल्या.

ती समोरच्या खुर्चीत होती. कोट अजून अंगावरच होता. बाबा जाऊन दोन महिने होत आले होते, आणि या दोन महिन्यांत कुठल्याही खोलीत शिरल्यावर कोट काढण्याइतकं स्थिर बसणं तिला जमलं नव्हतं.

खोक्यात पाहुणा होता. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. मुठीपेक्षा थोडा मोठा, काळाकुळकुळीत, एका अंगानं सपाट. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. ते तरुण असताना एका दुपारी दुकानामागच्या शेडचा पत्रा फोडून हा दगड आत पडला. आकाशातून पडलेल्या दगडाला अशनी म्हणतात हेही त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पण घड्याळजी माणूस, चुंबक म्हणजे त्यांच्या धंद्याचा शत्रू. दुकानाच्या दारावर 'चुंबक दाराबाहेर ठेवा' अशी पाटीच होती. तोच नियम या दगडाला आपोआप लागू झाला. पुढे दगडांचा नाद लागला, देवाणघेवाण करणारी मंडळी भेटली, घरी मोठा संग्रह झाला. पाहुणा मात्र कधी कुणाला दिला नाही. मरताना दिला तो या बाईंच्या प्रयोगशाळेला.

"दगडातल्या लोखंडाचे कण जन्मवेळची दिशा धरून बसलेले असतात," बाई सांगत होत्या. "जुन्या फितीवर गाणं असतं तसं. दगड खरा आहे का ते बघायला लोक सरळ चुंबक टेकवतात, आणि तेवढ्यानं त्या फितीवर भलतंच काही भरलं जातं. जुनं मग परत येत नाही. म्हणून तर तुमच्या बाबांचा दगड आम्हाला हवा होता. त्यांनी शब्द दिला होता की याला चुंबक कधी लागलेलं नाही."

"आणि लागलंय?"

"लागलंय."

खिडकीबाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"दगडाचं एक वेळ सोडा," बाई म्हणाल्या. "त्यांचा अख्खा संग्रह संग्रहालय घेणार होतं. कुठला दगड कुठे पडला, कुणाकडून बदल्यात आला, याला त्यांच्या सांगण्यापलीकडे पुरावा नाही. समितीतले लोक आता म्हणतात, ज्या दगडाबद्दल ते छातीठोकपणे बोलत होते त्याचंच खोटं निघालं, तर बाकीच्यांचं काय धरून चालायचं?"

म्हणजे बाबा खोटारडे ठरत होते. चाळीस वर्षं लोकांनी डोळे मिटून ज्यांच्या हातून दगड घेतले, ते बाबा.

"डाग कसा आहे?" तिनं विचारलं.

बाईंनी चमकून पाहिलं. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नसावा. पण ती मुद्रितशोधक होती. चूक आहे असं कुणी म्हटलं की ती कुठल्या ओळीत आहे, हे विचारायची तिला सवय होती.

"एकच आहे. गोल, नाण्याएवढा. सपाट बाजूवर. चुंबक थेट दगडाला टेकलेलं नाही. मधे थोडं मऊ, जाडसर काहीतरी होतं. कापड, कातडं, असं काही. आणि तिथेच हे बघा."

भिंगाखाली काळ्या सालीवर तांबूस ठिपके दिसत होते.

"गंज. खाऱ्या पाण्याचा. हातमोजा न घालता कुणीतरी अंग लावलंय. आणि गंज ताजा आहे."

"ताजा म्हणजे बाबा दवाखान्यात गेल्यानंतरचा?"

"शक्य आहे. पण गंज ताजा म्हणून चुंबकही ताजंच, हे समिती मानणार नाही."

"आणि कुणी केलं ते कळलं तर?"

बाईंनी पहिल्यांदाच झाकणावरचे हात उचलले. "नेमकं कुठलं चुंबक, ते एकदाच लागलं का, हे कळलं तर त्याचा जोर किती खोल गेला ते मोजता येईल. पलीकडचं टोक कदाचित वाचलं असेल. पण त्यासाठी त्या माणसानं इथे येऊन, हे चुंबक माझं, असं म्हणायला हवं." त्या किंचित हसल्या, आनंदानं नव्हे. "असं कोण म्हणतं?"

२

बाबा दवाखान्यात गेल्यानंतर पाहुणा कपाटाबाहेर आला होता तो एकदाच. बाबांना पोचवून आल्याच्या संध्याकाळी. तो तिनंच काढून बाबांच्या टेबलावर ठेवला होता. बाबांची मित्रमंडळी दिवाणखान्यात अवघडून बसली होती. दगडांपलीकडे एकमेकांशी काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं. "ज्यांना खोलीत जाऊन यायचंय त्यांनी एकेकानं जाऊन या," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. नंतर पाहुणा खोक्यात, खोका कपाटात, आणि किल्ली तिच्या गळ्यात.

चौघं आत गेले होते. काका, शेठ, दाताच्या डॉक्टरीणबाई आणि मास्तर.

सुरुवात तिनं घरातूनच केली. काका, बाबांचे धाकटे भाऊ, वरच्या मजल्यावर एकटे राहत. ती गेली तेव्हा ते खुर्चीत ताठ बसून बूट घालायचा प्रयत्न करत होते.

"वाकता येत नाही गं. हा पट्टा बांधलाय ना." त्यांनी सदरा वर करून दाखवला. कमरेभोवती रुंद काळा पट्टा होता. "कंबरेसाठी. आत चुंबकं आहेत म्हणे. दुखणं ओढून घेतात. माझं दुखणं हट्टी आहे, हलत नाही."

"काका, हा पट्टा कधीपासून वापरता?"

"झालं की वर्ष."

"त्या संध्याकाळी होता?"

काकांनी सदरा खाली सोडला. ते तिच्याकडे पाहत राहिले आणि मग चेहऱ्यावरचा सगळा खेळकरपणा हळूहळू ओसरला.

"अस्सं. म्हणजे दादाचा दगड मी बाटवला."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हण की. दगड घराबाहेर जाऊ नये असं मीच म्हणत होतो. भांडलोही होतो दादाशी त्यावरून." त्यांनी बूट बाजूला ठेवला. "पण पोरी, मी त्या पाहुण्याला हातसुद्धा लावला नाही. दारातच उभा राहिलो. दादाची खुर्ची रिकामी दिसली, आणि आत जाववेना."

तिनं पट्टा मागून घेतला आणि उलटा केला. आतल्या बाजूला शिवणीखाली बारीक टिकल्या ओळीनं लागत होत्या, पंधरा-वीस तरी. तिचा जीव भांड्यात पडला. हा पट्टा दगडाला लागता तर डागांची रांग उठली असती.

"तुम्ही नाही," ती म्हणाली.

"मेहरबानी." काका पट्टा परत बांधू लागले. "त्या दिवशी हसलो तो एकदाच. मास्तरांना चहा द्यायला गेलो तर ते टेबलाशी चाचपडतायत. कानाचं मशीन सापडेना त्यांना. दारातून बघतो तर काय, ते गोल बटण आपल्या लोखंडी कपाटाला चिकटून बसलेलं. म्हटलं, मास्तर, तुमचा कान आमच्या कपाटानं पळवला. त्यांना ऐकूच आलं नाही. एवढा चांगला विनोद फुकट गेला."

तीही हसली. बऱ्याच दिवसांनी काकांबरोबर हसायला मिळालं म्हणून जरा जास्तच हसली.

"मग राहिलं कोण?" काकांनी विचारलं. "शेठ. त्याच्या तर काठीलाच चुंबक असतं."

३

शेठ दगड विकत. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला उतरती फळ्यांची मांडणी, आणि गल्ल्याशेजारी टोकाला चुंबक बसवलेली ती काठी. बाबा त्यांना गोटेशेठ म्हणत, तेही तोंडावर.

"ताई, चोर शोधायचा तर आधी चोरी दाखवा," शेठ म्हणाले. "दगड जागच्या जागी आहे. गेलं काय?"

"बाबांचा शब्द."

शेठनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"काठी आणली होती का त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"मयताच्या घरी? आणि काठी असली तरी तुमच्या घरी ती गाडीतच राहते. सुरुवातीला एकदा विसरून आत आणली होती, तर तुमच्या बाबांनी मला फाटकापर्यंत परत चालवलं. भर पावसात." त्यांनी फळीवरून एक लहानसा काळा दगड उचलून टेबलावर ठेवला. "हे बघा, मी कसं करतो."

काठीचं टोक दगडाजवळ गेलं आणि टक् आवाज होऊन दगड त्याला जाऊन आदळला. शेठनी तो ओढून सोडवला, फिरवला, दुसऱ्या बाजूनं टक्, मग कोपऱ्यावर टक्.

"तीन ठिकाणी बघतो. लोक दहा दगड आणतात त्यातले नऊ म्हणजे भट्टीतली मळी, धातूचा गाळ. एका जागी लागतं, दुसरीकडे नाही. म्हणून तीन." दगड त्यांनी तिच्या हातात दिला. काळ्या सालीवर तीन ठिकाणी चकचकीत टवके उडाले होते. "तुमच्या पाहुण्यावर असे टवके आहेत?"

नव्हते. एकच डाग होता, आणि साल शाबूत होती. मधे मऊ काहीतरी घेऊन, एकाच ठिकाणी, आवाज न करता. ही पारख करणाऱ्या माणसाची रीत नव्हती.

"मला वाईट कशाचं वाटतं सांगू?" ती उठल्यावर शेठ म्हणाले. "या धंद्यात मला लबाड समजतात. असेनही थोडाफार. पण एखाद्या दगडाबद्दल शंका आली की गिऱ्हाईकाला मी सांगायचो, जा, त्या घड्याळवाल्याला विचार. आता कुणाकडे पाठवू?"

दारापर्यंत आल्यावर त्यांनी हळूच जोडलं, "डॉक्टरीणबाईंना भेटलात? पाहुण्यासाठी त्या किती वर्षं जीव टाकत होत्या, ते माहीत आहे ना?"

४

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात लवंगाच्या तेलाचा वास होता. शेवटचा पेशंट जाईपर्यंत ती बाकावर बसली. आतून बाईंचा आवाज येत होता, "आ मोठा करा. तेवढा नाही, मला दात बघायचाय, पोट नाही."

मग त्यांनी तिला आत बोलावलं आणि पेशंटच्याच खुर्चीत बसवलं.

"विचार," त्या म्हणाल्या. "शेठनी फोन केला होता. म्हणाला, येतेय."

"तुम्हाला पाहुणा हवा होता."

"हवा होता. माझ्याकडची लोखंडी अशनीची चकती मी बदल्यात देत होते, ती आडव्या-तिडव्या रेषांची. तुझे बाबा ती हातात घेऊन बघत बसायचे आणि परत करायचे. दर वर्षी. शेवटी मी त्यांच्याशी बोलणं टाकलं." त्यांनी हातमोजे काढून डब्यात टाकले आणि सवयीनं दुसरे उचलले. "राग होता मला. पण रागानं मी दगड मागेन, फार तर उचलून नेईन. त्याचं वाटोळं करून मला काय मिळणार? बिघडलेला पाहुणा मलाही नको."

"त्या संध्याकाळी हातात घेतला होता?"

"घेतला. मोजे घालून. सालीला घाम लागला की गंजतो, हे तुझ्या बाबांना मीच शिकवलंय." त्या थांबल्या. "अगं, एक बोलू? वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटी शेवटी माणसाला स्वतःचीच खात्री राहत नाही. इतकी वर्षं जपलेला दगड खरंच तोच आहे ना, असं वाटलं असेल. कापडात गुंडाळून एकदा चुंबक लावून पाहिलं असेल. कुणी? त्यांनीच."

ती खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून बसली होती. ही शंका तिच्याही मनात येऊन गेली होती, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार जड गेलं.

"बाबा मोज्यांशिवाय त्याला हात लावत नव्हते," ती म्हणाली. "आणि गंज ताजा आहे. ते तेव्हा दवाखान्यात होते."

"गंज त्यांचा नसेल. चुंबक असेल."

"दोन्ही एकाच जागी आहेत. नाण्याएवढ्या जागेत. दोन वेगळ्या माणसांचे दोन वेगळे अपघात नेमके एकाच ठिकाणी होतात का?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू तुझ्या बाबांसारखी बोलतेस. त्यांचाही असाच राग यायचा."

जिना उतरताना तिच्या मनात एकच गोष्ट पक्की होत होती. चुंबक आणि खारं पाणी एका वेळी, एका स्पर्शात आलं होतं. उघड्या अंगानं. कापड नव्हतंच, मधे होतं ते कातडंच. पण माणसाच्या कातड्याच्या आत चुंबक कुठून येणार?

उरले होते फक्त मास्तर. आणि मास्तरांवर संशय घ्यायचा तर बाबांवरच का घेऊ नये?

५

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. पाहुणा पडला त्या दुपारी बाबा त्यांनाच बोलवायला धावले होते, आणि तो नुसता दगड नाही हे त्यांनीच बाबांना सांगितलं होतं. बाबांच्या घरी आले की दारातच खिसे उलटे करून दाखवायचे, "आणलं नाही रे बाबा, काही आणलं नाही." लहानपणी तिला ती जादू वाटायची. मध्यंतरी दोन वर्षं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, तेव्हा बाबा आणि ते समोरासमोर बसून नुसते दगड पुढेमागे करत. थंडीत कानाचं ऑपरेशन झालं आणि मास्तर पुन्हा माणसांत आले. तोवर बाबा दवाखान्यात गेले होते.

दार त्यांनीच उघडलं. डोक्यावर कानटोपी होती.

"ये बाळ. बस. मी ऐकलंय सगळं," ते म्हणाले. आणि बसायच्या आधीच, "जाऊ दे ते. समितीचं काय एवढं मनावर घ्यायचं? संग्रह घरात राहू दे. ज्यांना तुझा बाबा माहीत आहे त्यांना माहीत आहे."

तिला हे विचित्र वाटलं. परीक्षेतल्या अर्ध्या गुणासाठी बोर्डाशी भांडलेला हा माणूस.

"मास्तरकाका, मी सगळ्यांना विचारत फिरतेय. त्या संध्याकाळी तुम्ही चुंबक आणलं होतं का?"

"मी तुझ्या बाबाच्या घरी चुंबक कधीही आणलेलं नाही," मास्तर म्हणाले. शब्द स्पष्ट होते, पण नजर टेबलावर होती. "त्या दिवशीही आणलं नाही."

"बाबांना शेवटचं कधी भेटलात?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. तिला वाटलं, ऐकू आलं नसावं. तिनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले, "ऐकू आलं. भेटलो नाही. त्याला नेलं तेव्हा माझ्या डोक्याला टाके होते. डॉक्टर सोडेनात. मी म्हणत होतो, चार दिवसांनी जाईन, नव्या कानानं त्याचा आवाज ऐकेन." त्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली. "राहिलं ते."

ती निघाली. फाटकाशी आल्यावर तिला जाणवलं की चौघांचीही उत्तरं तिला पटली होती, आणि चौघं खरं बोलत असतील तर खोटे बोलणारे एकटे बाबाच उरत होते.

६

दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. पुढ्यात कुणाच्या तरी प्रवासवर्णनाची मुद्रितं होती. एका ओळीच्या शेवटी 'ते' होतं आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा 'ते'. तिच्याआधी दोघांनी ते पान वाचून सही केली होती. ही चूक सगळ्यांच्या हातून सुटते, कारण डोळा ओळीच्या वळणावर हसत-खेळत उडी मारतो. तिनं दुसऱ्या 'ते'वर काट मारली आणि लेखणी तशीच धरून थांबली.

हसत-खेळत.

ती काकांबरोबर हसली होती. हसून पुढे गेली होती.

कानाचं मशीन कपाटाला चिकटलं होतं. का चिकटावं? कानामागे अडकवायच्या साध्या मशीनला लोखंडाचं काय? म्हणजे त्या गोल बटणात चुंबक होतं. पण ते बटण कानात बसणारं नव्हतं, मास्तर काल खाली ओढत होते त्या टोपीखाली, डोक्याला लावलेलं असणार. डोक्याला ते कशानं राहत होतं? दोरी नाही, चाप नाही. बटणातलं चुंबक ज्याला चिकटत होतं ते कातड्याच्या आत होतं. थंडीत, टाके घालून, आत बसवलेलं.

आणि काकांनी चहा नेला तेव्हा बटण कपाटावर होतं. म्हणजे मास्तरांचं डोकं उघडं होतं. नाण्याएवढी जागा. वर थोडं मऊ कातडं. आणि खारं पाणी.

तिनं लेखणी खाली ठेवली. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. चुंबक कुणी आणलं होतं, एवढंच ती शोधत राहिली, आणि चौघांनी खरं सांगितलं. आणलेली वस्तू दाराबाहेर ठेवता येते. मास्तर खिसे उलटे करून आत आले होते.

संध्याकाळी ती पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिली. आत गेली नाही.

"मास्तरकाका, काल मी नीट विचारलं नाही. तुमच्यापाशी चुंबक होतं का?"

मास्तरांनी दाराची चौकट धरली. मग सावकाश कानटोपी काढली. पांढऱ्या केसांत ते बटण होतं, करड्या रंगाचं, गोल.

"कपाटापाशी वाकलो आणि हे उडालं," ते म्हणाले. "सगळं एकदम शांत झालं. वाटलं, बरं झालं. लोकांचं हळहळणं ऐकायला नको. बसलो. तो समोर होता, तुझ्या बाबाचा पाहुणा. मी दवाखान्यात पोचलो असतो तर तुझ्या बाबाच्या छातीवर डोकं ठेवलं असतं. ते ठेवायला मिळालं नाही म्हणून याच्यावर ठेवलं." त्यांनी बटणाच्या कडेला बोट लावलं. "उठताना त्यानं मला धरलं. अगदी जरासं. केसात काही अडकावं तेवढंच. तेव्हा कळलं."

"तेव्हाच कळलं."

"तेव्हाच."

"आणि तुम्ही बोलला नाहीत. लोक बाबांना खोटं म्हणू लागले तरी बोलला नाहीत. मी काल समोर बसले होते."

मास्तर खाली बघत होते. शाळेत शिक्षा झालेल्या मुलांना त्यांनी कितीदा असं उभं केलं असेल, असं एक वाईट वाक्य तिच्या मनात आलं. ते तिनं मनातच ठेवलं.

"हा नियम आम्ही दोघांनी पाळला," ते म्हणाले. "दोघांनीच. आणि तो माझ्याच डोक्यानं मोडला. हे कुणाला सांगायचं, तर मला त्यालाच सांगायचं होतं. बाकी कुणाला सांगायला तोंड उघडेना. काय करू ते सांग."

"माझ्याबरोबर चला."

७

प्रयोगशाळेतली ती खोली आतून गुळगुळीत पांढऱ्या फळ्यांची होती आणि तिला काचेचं दार होतं. मोजणी झाली की लगेच दगडाशी पडताळून बघायचं म्हणून पाहुणा आतल्या टोकाच्या टेबलावर ठेवला होता. मास्तरांना दाराजवळच्या स्टुलावर बसायचं होतं, तिथून हलायचं नव्हतं, आणि बटण घेऊन तर आत येताच येणार नव्हतं.

"डोक्यातलं काही काढता येणार नाही," संशोधिकाबाई त्यांना समजावत होत्या, "पण तेवढ्या अंतरावर त्याचा जोर पोचत नाही. मी कातड्यावरून मोजेन. दुखणार नाही. फक्त तुम्हाला मधे काही ऐकू येणार नाही."

"सवय आहे," मास्तर म्हणाले.

त्यांनी कानटोपी काढली, मग बटण काढलं. ते तिच्या हातात ठेवलं. आदल्या संध्याकाळपासून ती कामापुरतंच बोलली होती. बटण मुठीत धरून ती बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली आणि काचेपाशी उभी राहिली.

आत बाई मास्तरांच्या डोक्यापाशी एक बारीक दांडी धरून होत्या. थोडी वर, थोडी खाली, पुन्हा. मास्तर हात मांडीवर ठेवून बसले होते. एकदा त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. त्यानं मोजणी चुकली असावी, कारण बाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून पुन्हा सरळ केला.

मग बाई पडद्यावरच्या दोन रेषा एकावर एक ठेवून बघत राहिल्या. दगड फिरवून त्याच्या पलीकडच्या टोकावर काहीतरी केलं. पुन्हा केलं. बराच वेळ गेला. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती, ती तिनं बाहीनं पुसली.

बाई दारापर्यंत आल्या आणि दार किलकिलं केलं.

"तेच आहे," त्या म्हणाल्या. "गोलाई तीच, अंतर तेच. एकदाच लागलंय. आणि डागाकडचा एक तृतीयांश भाग सोडला तर पुढे दगड शाबूत आहे. अगदी शाबूत. दुसरं कुठलंही चुंबक याला कधी लागलेलं नाही. उद्या समितीला मी स्वतः सांगते. पण मला त्यांचं नाव घ्यावं लागेल."

"घ्या. ते त्याचसाठी आलेत."

"त्यांना तुम्हीच सांगा. मला अजून दगड हलवता येत नाही, त्यामुळे ते बटण आत आणू नका."

दार मिटलं. काचेपलीकडून मास्तर तिच्याकडे बघत होते. इतकं घाबरलेलं म्हातारं माणूस तिनं एकदाच पाहिलं होतं, दवाखान्यात, आणि तेव्हा तिला त्याला काहीही सांगता आलं नव्हतं.

राग गेलेला नव्हता. तो कधी जाईल हे तिला ठाऊक नव्हतं. ती काचेला अगदी चिकटून उभी राहिली आणि ओठ नीट उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबांचा शब्द खरा आहे."

मास्तरांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नाही. मग ते बोलले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्यानं बोलले, काचेबाहेरही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

"परत सांग."

तिनं परत सांगितलं.